पुस्तक एक, पोरं साठ

बडोद्यातल्या एका अनुदानित कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचं हे पत्र. वय ३३, नोकरीचं दुसरं वर्ष. नव्या अभ्यासक्रमात चौथ्या सेमिस्टरचा 'बडोदे संस्थानातील सुधारणा' हा पेपर त्यांच्या वाट्याला आला. त्यावर नाव घेण्यासारखं एकही पाठ्यपुस्तक नाही. रात्री एक-एक वाजेपर्यंत त्या मोबाइलवर पीडीएफ शोधतात, पगारातून पुस्तकं मागवतात आणि सकाळी तेच शिकवतात. मुलांनी गाइडच्या बाहेर काही वाचावं म्हणून त्यांनी सयाजीरावांच्या कारकिर्दीवरच्या एका जुन्या पुस्तकावर टिपण लिहून आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी साठ मुलं ग्रंथालयात धडकली. प्रत एक, तीही कुलपात. गोंधळ ऐकून या तिथे गेल्या, तर ग्रंथपाल मुलांसमोरच म्हणाले, "बेन, चोपडी एक ने छोकरां साठ, मारे शुं करवानुं?" पोरं हसली. त्याला चार महिने झाले. तेव्हापासून त्या ग्रंथालयात गेलेल्या नाहीत. घरी पडलेली ग्रंथालयाची सात पुस्तकं परत द्यायलाही नाही. आता प्राचार्यांनी त्यांचं नाव ग्रंथालय समितीत घातलंय. त्या विचारतात: ग्रंथपालांची लेखी तक्रार करू, की समितीलाच नकार देऊ? सगळं मोबाइलवर मिळत असताना त्या ग्रंथालयाचा मला नक्की उपयोग काय? आणि 'मला साहित्य मिळत नाही' असं तिथे जाऊन सांगणं म्हणजे आपल्याला विषय येत नाही हे कबूल करणंच नाही का?

तुमच्या पत्रात 'पोरं हसली' हे दोन शब्द तीनदा आलेत. एकदा घटना सांगताना, एकदा तक्रारीच्या मसुद्यात, आणि एकदा अगदी शेवटी, सही करण्याआधी, काही कारण नसताना. म्हणून तिथूनच सुरुवात करते. ग्रंथपालांनी मुलांसमोर तसं बोलायला नको होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी वर्गात पत जमवायला काय काय करावं लागतं, ते मी विसरलेले नाही. तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं मी, आणि पहिल्याच वर्षी फळ्यावर चुकलेली एक वेलांटी अजून आठवते. तेव्हा याबाबतीत तुमची बाजू बरोबर. पण त्यांचं गणितही बरोबर होतं. पुस्तक एक आणि पोरं साठ.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलांना पाठवण्याआधी तुम्ही ग्रंथपालांशी बोलला होतात का, याचा त्यात कुठे उल्लेख नाही. प्रती किती, ते पुस्तक घरी देतात की तिथेच बसून वाचायचं, बसायला खुर्च्या किती, हेही नाही. माझा अंदाज, विचारलंच नव्हतं. रागावू नका, मीही कधी विचारत नसे. 'लायब्ररीत जाऊन बघा' हे आपण प्राध्यापक इतक्या सहज म्हणून टाकतो, जणू तिथे कुणी माणूस बसलेलाच नाही.

आता तीच सकाळ काउंटरच्या पलीकडून बघा. असं काहीसं झालं असणार: तास सुटला आणि वर्गच्या वर्ग आत आला. मुलांना पुस्तकाचं नाव माहीत, लेखकाचं नाही. नाव तुम्ही तोंडी सांगितलेलं, त्यामुळे दहा जणांच्या चिठ्ठ्यांवर चार वेगवेगळी नावं. शिपाई किल्ल्यांचा जुडगा चाळतोय, मागची पोरं काउंटरवर आयकार्डं आपटतायत. पहिल्याला पुस्तक दिलं तर उरलेल्या एकोणसाठांना काय सांगायचं, हे ग्रंथपालांना माहीत नाही, कारण हे सगळे कशासाठी आलेत हेच त्यांना कुणी कळवलेलं नाही. तेवढ्यात दारात तुम्ही दिसलात. ते जे बोलले त्यात टोमणा होता, पण शब्द पुन्हा वाचा: 'मारे शुं करवानुं?' मी काय करायचं? हा प्रश्न आहे हो, आणि त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

कपाटाच्या कुलपाचा तुम्हाला फार राग आलेला दिसतो. मलाही यायचा. पुस्तकं वाचण्यासाठी असतात, मग ही दडवून काय ठेवतात? पुढे एका ग्रंथपालबाईंनी मला चहा पाजत समजावलं. ग्रंथालयाची साठा पडताळणी होते, एकेक पुस्तक दाखल नोंदवहीशी ताडून बघतात, आणि जे सापडत नाही त्याचा जाब ग्रंथपालाला विचारला जातो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत यासाठी चक्क आकडा दिलाय: वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली, तर ते वाजवी समजावं, मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. एक हजार रुपयांवरचं पुस्तक किंवा दुर्मीळ पुस्तक हरवलं तर चौकशी ठरलेलीच. म्हणजे नियम तसा समंजस आहे. पण गावोगावच्या कॉलेजांत हा आकडा कुणी समितीपुढे वाचून दाखवत नाही. पाच पुस्तकं गेली की कारकून विचारतो, ऑडिटवाले विचारतात, आणि ग्रंथपाल घरी जाताना कुलूप दोनदा ओढून बघायला लागतो. तुम्ही समितीवर जाणार असाल, तर हा नियम ठरावात आणून पुस्तकहानीची मर्यादा लिहून ठेवायला लावणं ही बिनखर्चाची पहिली सुधारणा. कपाटं आपोआप उघडतील असं नाही म्हणत मी. निदान उघडण्याचं भय कमी होईल.

आता माझी एक गोष्ट सांगते. कॉलेजचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून भेटतात. निवृत्तीच्या महिन्यात 'नो ड्यूज'चा कागद घेऊन ग्रंथालयात गेले. माझं कार्ड निघालं: नावावर तेवीस पुस्तकं. मी म्हटलं शक्यच नाही. घरी येऊन शोधली, एकवीस सापडली. एक माळ्यावर दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात, तीन फ्रिजवर. उरलेल्या दोनांचे पैसे भरले. लाज वाटली ती पैशांची नव्हे. त्यातलं एक पुस्तक माझ्याकडे नऊ वर्षं होतं, आणि तेवढ्या काळात मुलांनी ते मागितल्याच्या चिठ्ठ्या ग्रंथपालांनी एका लिफाफ्यात जपून ठेवल्या होत्या. अकरा चिठ्ठ्या. नावं ओळखीची. याच मुलांना मी वर्गात 'तुम्ही वाचतच नाही' म्हणून झापलं होतं.

ती सात पुस्तकं, बरं का. त्यांच्याकडे परत येऊ.

'सगळं मोबाइलवर मिळतं' असं तुम्ही लिहिता, आणि दोन परिच्छेद वर 'रात्री एकपर्यंत शोधते' असंही लिहिता. दोन्ही कसं खरं असेल? तुमच्या विषयाबद्दल मोबाइलवर जे सहज मिळतं ते मला माहीत आहे: अमरेली तालुक्यात १८९३ साली सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग, १९०६ पासून सगळ्या संस्थानात सक्ती, मग महाराजांचा फोटो, मग पुन्हा तेच तीन परिच्छेद दुसऱ्या साइटवर. त्याच्या आतलं काही शोधायला गेलं की दार बंद, पैसे भरा. गंमत अशी, की त्यातली बरीच दारं तुमच्या ग्रंथालयातूनच उघडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा एन-लिस्ट नावाचा कार्यक्रम खास कॉलेजांसाठी आहे. कॉलेज सभासद असेल तर प्रत्येक प्राध्यापकाला स्वतःचं लॉगिन मिळतं आणि ई-पुस्तकं, नियतकालिकं घरी बसून वाचता येतात, रात्री एक वाजतासुद्धा. लॉगिनसाठी नावांची यादी कॉलेजातून जाते आणि ते काम बहुधा ग्रंथपालांकडेच असतं. नव्याने रुजू झालेल्या माणसाचं नाव त्यात घालायचं राहून जातं, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. तुमचं आहे का, विचारा. केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० ई-नियतकालिकं तिच्यात आहेत, पण ती सरकारी व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी. तुमचं कॉलेज अनुदानित, तेव्हा त्यात बसतं की नाही हेही तिथेच विचारायचं.

आणि शोधगंगा बघता की नाही? तिथे देशभरातले पीएचडीचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात. अख्खा प्रबंध वाचायला वेळ नसला तर नका वाचू. शेवटची संदर्भसूची उघडा. कुणीतरी चार-पाच वर्षं दफ्तरं धुंडाळून केलेली यादी आयती मिळते. ती छापून ग्रंथपालांपुढे ठेवा आणि विचारा, यातलं आपल्याकडे काय आहे, गावात काय आहे?

'गावात' म्हटलं, कारण तुम्ही बडोद्यात बसून बडोद्याचा पेपर शिकवताय. दिल्लीतल्या प्राध्यापकाला ज्यासाठी रजा टाकून यावं लागेल, ते तुम्हाला रिक्षाभाड्यात आहे. मांडवीजवळचं सेंट्रल लायब्ररी, विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालय, प्राच्यविद्या मंदिर. जुन्या दरबारी कारभाराच्या कागदांचा मोठा भाग मराठीत, त्यातलं बरंच मोडीत. तुमच्या वर्गातली बहुतेक मुलं गुजराती माध्यमातली असणार, त्यांना ते दार बंद आहे. तुम्ही मराठी घरातल्या. मोडी शिकायची राहिली असली तरी छापील मराठी अहवाल तर वाचताच. ही गोष्ट तुम्ही पत्रात 'माझं गुजराती थोडं कच्चं आहे' एवढ्याच अंगाने लिहिलीत. दुसऱ्या अंगाने बघा ना. अशा बाहेरच्या ग्रंथालयांत जायला तुमच्या ग्रंथपालांच्या सहीचं परिचयपत्र मोठ्या कामाला येतं. ते देणं हीसुद्धा कॉलेज ग्रंथालयाची एक सेवाच. कुणी मागत नाही, म्हणून कुणाला माहीत नाही.

तुम्ही पत्रासोबत पेपरचा आराखडा पाठवलात, त्यात तिसरं युनिट ग्रंथालय चळवळीचं आहे. हसू आलं मला. सयाजीरावांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून घेतलं, १९१० मध्ये सेंट्रल लायब्ररीची घडी बसवायला घेतली, १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग काढला. हिंदुस्थानातला असा तो पहिला. १९१२ मध्ये ग्रंथालयाचं नियतकालिक निघालं, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगाव फिरायच्या. वाचक येत नाही म्हणून पुस्तकच वाचकाकडे गेलं. हे सगळं तुम्ही फळ्यावर लिहिणार, आणि स्वतःच्या कॉलेजच्या ग्रंथालयाची पायरी मात्र चढणार नाही? एक तास तिकडे न्या मुलांना. सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या लोखंडी मांडणीच्या मजल्यांना काचेच्या फरशा आहेत, उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. परवानगी मिळाली तर त्या काचेवर उभं राहून तिसरं युनिट शिकवा. नंतर रावपुऱ्याच्या बाजूला शेव-उसळ खाऊ घाला, मग बघा पुढच्या तासाला हजेरी.

आता तो प्रश्न, जो तुम्ही सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू आवाजात विचारलात: मागायला जाणं म्हणजे येत नाही हे कबूल करणं नाही का?

तुमच्या पेपरच्या पुस्तकांचंच उदाहरण घेते. कॉलेजात पुस्तकांना विषयवार आकडे देण्याची ड्यूईची पद्धत असेल, तर गुजरातचा इतिहास ९५४ च्या पोटात सापडेल. पण सक्तीच्या शिक्षणावरचं पुस्तक ३७० च्या रॅकवर असेल, ग्रंथालय चळवळीवरचं ०२० च्या आसपास, कारभारावरचं ३५० कडे, आणि महाराजांचं चरित्र चरित्रांत. म्हणजे एका पेपरची पुस्तकं चार भिंतींना पसरलेली. तुम्ही इतिहासाच्या रॅकपुढे उभ्या राहून 'काही नाही इथे' म्हणून परत गेलात, तर त्यात तुमच्या ज्ञानाची काही कमतरता नाही. विषय तुम्हाला येतो. तो विषय कुठल्या आकड्याखाली जाऊन बसलाय, ते त्यांना येतं. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचा फोटो तुमच्या ग्रंथालयात असेलच, १२ ऑगस्टला त्याला हार घालतात. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि सुरुवातीला इतके कंटाळले, की मला परत शिकवायला पाठवा म्हणून मागे लागले होते. पुढे त्यांनी काय केलं ते जगाला माहीत आहे. सांगायचं एवढंच की या दोन खुर्च्या एकाच घरातल्या आहेत. यूजीसीच्या नियमांत कॉलेज ग्रंथपाल आणि सहायक प्राध्यापक यांची सुरुवातीची वेतनश्रेणीही एकच असते, आणि त्यांनाही नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. स्टाफरूममध्ये मात्र आपण त्यांना चहाला बोलवत नाही.

पण मागायचं कसं, यात फरक पडतो. 'सर, बडोद्यावर काही आहे का?' असं विचारलंत तर 'बघा तिकडे' हेच उत्तर येणार, आणि ते रास्त आहे. त्याऐवजी आराखड्याची एक प्रत न्या. प्रत्येक युनिटसमोर पेन्सिलीने लिहा: मुलं किती, कोणत्या भाषेत वाचू शकतात, कोणत्या आठवड्यात लागणार, घरी न्यायचं की तासाभराचं वाचन पुरे. एवढं हातात असलं की चांगला ग्रंथपाल खुर्चीतून उठतो. मी उठलेले पाहिलेत.

पुस्तक एक आणि पोरं साठ, याची उत्तरं तो काउंटर फार पूर्वीपासून जाणतो. एक म्हणजे राखीव संच. तुम्ही सांगितलेली आठ-दहा पुस्तकं त्या महिन्यापुरती वेगळ्या फळीवर काढून ठेवायची. दिवसा तिथेच बसून दोन-दोन तास वाचायची, संध्याकाळी बंद होताना एका रात्रीपुरती घरी, सकाळी परत. दुसरं, लागतील तेवढ्याच प्रकरणांच्या झेरॉक्स. कॉपीराइटची धास्ती घेऊ नका, पण बेफिकीरही राहू नका. १९५७ च्या कायद्यातलं कलम ५२ शिक्षकाला शिकवण्याच्या ओघात प्रती काढायची मुभा देतं. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर मोठ्या प्रकाशकांनी खटला भरला होता, त्यात २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अभ्यासक्रमासाठी केलेल्या अशा संचांची बाजू उचलून धरली. याचा अर्थ चालू बाजारातलं अख्खं पुस्तक स्कॅन करून वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं असा नाही. तुम्ही ते केलंय, पत्रात ओझरतं लिहिलंयत. पुन्हा नको.

आणि तिसरं उत्तर मला सगळ्यात आवडतं, कारण ते ग्रंथपालाच्या डोक्यातून येतं, प्राध्यापकाच्या येत नाही: सगळ्यांना एकच पुस्तक का? बडोदे संस्थानाचे कारभाराचे अहवाल वर्षावर्षाला छापले जात. प्रश्न एकच ठेवा: 'या वर्षी शाळा किती, मुली किती, सरकारने खर्च किती केला, आणि अहवाल लिहिणारा कशाबद्दल कुरकुरतोय?' चार-चार मुलांचा गट करून प्रत्येक गटाला वेगळं वर्ष द्या. साठ मुलं, पंधरा वर्षं. कुणी कुणाचं उतरवू शकत नाही, काउंटरवर झुंबड नाही, आणि शेवटच्या तासाला पंधरा गटांचे आकडे फळ्यावर ओळीने मांडले की पोरांनी स्वतः काढलेला पंधरा वर्षांचा आलेख तयार. हे अहवाल इतके जुने आहेत की कॉपीराइट कधीच संपलेला, तेव्हा पूर्ण छापले तरी चालतील. काही इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन केलेले मिळतात. तिथे नावं मात्र वाट्टेल तशी टंकलेली असतात, बरोडाचं काय काय झालंय बघा. उलटसुलट स्पेलिंगं टाकून शोधण्याचा धीर ग्रंथपालांकडे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त असतो. आणि मुलांचा एक तास ग्रंथालयातच घ्यायला त्यांना सांगा: कॅटलॉग कसा बघायचा, संदर्भ कसा लिहायचा, उतारा उचलणं कशाला म्हणतात. तुम्ही मागे बसा. हा तास त्यांचा, मध्ये बोलू नका.

तक्रारीचं काय, ते आता. तुमचा मसुदा वाचला. चांगला लिहिलाय, मुद्दाम सांगते, भाषा नेमकी आहे. दिला तर काय होईल? प्राचार्य ग्रंथपालांना बोलावतील, मेमो जाईल किंवा नुसती समज मिळेल. त्यानंतर ते तुमच्याशी अत्यंत नियमाने वागतील. नियमाने म्हणजे एका वेळी ठरलेली पुस्तकं, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या खिडकीतून. तुम्हाला लागतात त्या सगळ्या गोष्टी या नियमांच्या पलीकडच्या आहेत: हव्या त्या वर्षाचा अहवाल शोधून देणं, परिचयपत्र, एका रात्रीची सवलत. त्या मेमोने मिळत नाहीत. पण तुम्ही रीतसर, आधी, लेखी मागणी दोनदा केलीत आणि तरी काहीच झालं नाही, तर तक्रार जरूर करा. तेव्हा मात्र सेवेची करा. कोणती मागणी, कोणत्या तारखेला, काय उत्तर. हसण्याचा उल्लेख त्यात नको. तो वेगळा हिशेब आहे आणि तो समोरासमोर चुकता करायचा.

समिती नाकारू नका. या समित्यांचं काय चालतं मला माहीत आहे: फेब्रुवारी संपता संपता एक बैठक, कारण मार्चअखेर खर्च दाखवायचा असतो, विक्रेत्याने आणलेल्या यादीवर सह्या, बटाटेवडा, आभार. कॉलेजांचं मूल्यांकन करणारी नॅकची मंडळी ग्रंथालय बघायला येतात, तेव्हा फक्त जरा जास्त वडे. तुम्ही जुलैतच तीन गोष्टी लिहून द्या, जास्त नको. पुस्तकहानीच्या नियमाचं वर सांगितलंच. दुसरी, प्रत्येक विभागाने सेमिस्टर सुरू होण्याआधी वाचनयादी ग्रंथपालांकडे द्यावी. तिसरी, प्राध्यापकांच्या घरी असलेल्या पुस्तकांची वर्षातून एकदा परतफेड, अपवाद कुणालाच नाही. तिसरीवर खोकला येईल काही जणांना, विभागप्रमुखांना आधी. येऊ द्या.

ज्या कॉलेजांत ग्रंथपालाची जागाच रिकामी आहे आणि किल्ल्या एखाद्या कारकुनाकडे, तिथल्या वाचकांचीही पत्रं मला येतात. त्यांना यातलं अर्धंच लागू. अशा वाचकांनो, तुम्ही वाचनयादी आणि राखीव फळी विभागातर्फेच चालवा, गावातल्या मोठ्या ग्रंथालयाचं सभासदत्व घ्या, आणि एन-लिस्टचं काम कॉलेजात कुणाच्या गळ्यात आहे ते शोधून त्या माणसाला धरा. रिकाम्या जागेबद्दल मात्र समितीत दर बैठकीला लिहून द्या. उत्तर येणार नाही, तरी द्या.

आता जायचं कसं. गर्दीच्या वेळी जाऊ नका. सकाळी उघडल्या उघडल्या किंवा तिसऱ्या प्रहरी, शिपाई पुस्तकं रॅकवर लावत असतो तेव्हा. गुजराती कच्चं असलं तरी गुजरातीतच सुरुवात करा, बडोद्यात त्याने निम्मं काम होतं. आधी स्वतःच्या वाटणीचं सांगा: त्या दिवशी न कळवता साठ जणांना पाठवलं, या वेळी आधी विचारायला आलेय. आराखडा पुढे ठेवा. काम मार्गी लागलं, ते चष्मा लावून युनिटं वाचायला लागले, की मग, उठताना, एकदाच: "साहेब, पोरांसमोर बोललात ते मला लागलं होतं." त्यावर ते काय म्हणतील, सांगता येत नाही. कदाचित काहीच नाही, नुसतं 'हं'. तेवढ्यावर निघून या.

आणि ती सात पुस्तकं आठवणीने पिशवीत घाला. पहिलं वाक्य तोंडातून निघेना, तर आधी ती काउंटरवर ठेवा. परत घ्यायची म्हणजे त्यांना तुमचं कार्ड शोधावं लागेल, सातही नोंदी कराव्या लागतील. तेवढ्या वेळात सुचेल.